अभ्यंगाचें मोल

वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येंत अभ्यंग नित्य सांगितला, आम्हीं तो नरकचतुर्दशीवर सोंपविला! बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरास आमच्या घरीं सूनबाईंच्या बाळंतपणांत मालीश करणारी बाई सव्वा महिना येत होती. तिच्या पैशांबद्दल कोणीं ब्रही काढला नाहीं. शेवटच्या दिवशीं मातोश्रींनीं आपले दुखरे पाय हळूच तिच्यापुढें केले, आणि आम्हांस पाहतांच मागें ओढले. चाळीस वर्षें स्वयंपाकघरांत राबलेल्या त्या पायांस विसाव्याचा हक्क नव्हता काय? गरज सर्वांसच असते. खर्चास मात्र निमित्त लागतें. आतां ती बाई दर शनिवारीं येते. मातोश्री प्रत्येक वेळीं विचारतात, “किती घेते रे ती?” आम्ही आंकडा सांगत नाहीं.