फॉरमॅट मारण्याआधी

एडवणच्या हवेत लोखंड टिकत नाही. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, खिडकीचे गज, सगळ्यांना समुद्राचा खारा ओलावा हळूहळू खात राहतो. अशा हवेत आमच्या आप्पांचा संगणक 2009 पासून चालत आला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, 2 जीबी रॅम, 160 जीबीची हार्डडिस्क. आधी त्यावर एक्सपी होती, नंतर विंडोज 7 आली. ओसरीला लागून असलेल्या खोलीत, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला तो सीपीयू माझ्या ओळखीचा होता. त्याच्या आत काय साठलंय याची मात्र घरात फारशी कुणाला कल्पना नव्हती.

आप्पा माझे चुलते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाडवळी बोलीतली लग्नगीतं, म्हणी, वाडीतल्या कामांचे शब्द, पानवेलीच्या मशागतीतलं बोलणं असं सगळं उतरवून घ्यायला सुरुवात केली. केळवे, माहीम, उसरणी, दातिवरे, कोरे असे ते फिरायचे. म्हाताऱ्या बायकांसमोर वही घेऊन बसायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचे. वह्यांचा बराच भाग एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरून गेला. गाणी सांगणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत. उरलं ते त्या संगणकात.

मागच्या पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करत होती. अशाच एका दिवसानंतर विंडोज सुरूच होईना. निळा पडदा यायचा आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आप्पांनी रिक्षात घालून तो सीपीयू एका दुकानात नेला. तिथे सांगितलं, "विंडोज उडालीय काका. फॉरमॅट मारावा लागेल. नाहीतर नवीनच घ्या, याला आता काही किंमत नाही."

आप्पा घरी आले आणि मला फोन केला. एवढंच विचारलं, "अरे, फॉरमॅट मारला तर माझं लिहिलेलं राहील का?"

राहिलं नसतं. आप्पांच्या सगळ्या फाइली डेस्कटॉपवर होत्या. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, आणि फॉरमॅटमध्ये पहिला बळी सी ड्राइव्हचाच जातो. मी तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या देखभालीचं काम करतो. आमच्या कामात शिस्त एकच: बिघडलेल्या यंत्राला हात लावण्याआधी ते आहे त्या अवस्थेत नीट बघून घ्यायचं. संगणकाच्या बाबतीत असं बघून घेण्याची वाट म्हणजे पेनड्राइव्हवरून बूट करणं. आतल्या हार्डडिस्कला न छेडता ऑपरेटिंग सिस्टिम थेट पेनड्राइव्हवरून चालते, आणि मग हार्डडिस्क आपल्यासमोर एखाद्या उघड्या कपाटासारखी येते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत ही सोय असते. त्यासाठी ना लायसन्स लागतं ना पैसे.

सांगायला सोपं आहे. जुन्या यंत्रावर करायला बसलं की एकेक अडथळा उभा राहतो, आणि त्यातला प्रत्येक सुटतो हेच मला इथे सांगायचं आहे.

शनिवारी बोईसरहून गाडीने सफाळ्याला उतरलो, एसटीने एडवणला आलो आणि रात्री जेवण झाल्यावर कॅबिनेट उघडलं. आत धूळ, पालीची अंडी आणि मदरबोर्डच्या स्क्रूंवर तांबूस गंज. चालू केल्यावर पडद्यावर काहीच नाही, नुसती एकसारखी बीप. ही बीप बहुतेक वेळा रॅमची असते. रॅमची पट्टी काढली तर तिचे सोनेरी दात काळवंडलेले. काकूंनी नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर आणून दिलं. त्याने दोन्ही बाजूंचे दात हलक्या हाताने घासले, खाचेतली धूळ ब्रशने काढली आणि पट्टी दोन्ही खटके बसेपर्यंत दाबली. बीप थांबली. खाऱ्या हवेच्या गावात ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. मेलेले म्हणून टाकून दिलेले कितीतरी संगणक एवढ्यानेच उठतात.

पडदा उजळला आणि यंत्राने तारीख दाखवली: 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक बटनसेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. लाइट नसताना बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचं, घड्याळ आणि बायोसमधल्या निवडी तो सांभाळतो. तो संपला की लाइट गेल्यागेल्या बायोस सगळं विसरतो, म्हणजे बूटचा क्रम कितीही वेळा लावला तरी पुसला जातो. जिथे पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही, तिथे सगळ्यात आधी बदलायची वस्तू हीच. हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. दुसऱ्या दिवशी तो आला आणि पुढचं काम एका जागी टिकू लागलं.

नंतरची अडचण कीबोर्डची. नवा यूएसबी कीबोर्ड विंडोजमध्ये चालत असे, पण सुरुवातीला डिलीट दाबून बायोसमध्ये शिरायचं म्हटलं तर त्याचा दिवाच लागेना. जुन्या बायोसमध्ये 'लेगसी यूएसबी सपोर्ट' नावाची एक निवड असते. ती बंद असेल तर विंडोज येईपर्यंत यूएसबी कीबोर्ड मुका राहतो. आणि ती चालू करायची तर बायोसमध्ये शिरायला हवं, म्हणजे कीबोर्ड हवाच! यातून सुटका करतो तो मागच्या बाजूचा जांभळा गोल सॉकेट, पीएस-टू. तसा गोल पिनेचा कीबोर्ड सफाळ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे माळ्यावर पडलेला होता. त्याने तो आनंदाने दिला, वर "काका, जपून ठेवा, आता मिळत नाहीत" असंही आप्पांना सांगितलं. तो लावला, डिलीट दाबलं, निळ्या-करड्या रंगाचं ते जुनं पान उघडलं आणि लेगसी यूएसबी सपोर्ट चालू केला.

पेनड्राइव्ह मी आधीच माझ्या लॅपटॉपवर तयार करून आणला होता. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली, कारण 2 जीबी रॅमवर ती निभावून नेते. फाइल जवळजवळ 3 जीबीची. उतरवल्यावर तिचा चेकसम जुळतो का ते बघून घेतलं, कारण मोबाइलच्या रेंजवर उतरवलेली मोठी फाइल अर्धवट असण्याची शक्यता नेहमी धरावी. मग रुफस या छोट्या मोफत प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवली. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. जुना बायोस डिस्कचा सगळ्यात पहिला, 512 बाइटचा तुकडा वाचतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण असली तरच तो पुढचा कारभार त्या डिस्कवर सोपवतो. म्हणून रुफसमध्ये पार्टिशनची पद्धत एमबीआर ठेवायची. जीपीटी आणि यूईएफआय ही नव्या यंत्रांची भाषा. विंडोज 8 आली त्या 2012 च्या सुमारास ती घरोघरच्या संगणकांत रुळली. 2009 च्या या बोर्डाला ती कळत नाही.

एवढं करून बूट डिव्हाइसच्या यादीत बघितलं तर हार्डडिस्क, सीडीरॉम आणि फ्लॉपी. पेनड्राइव्हचं नाव नाही. अनेक जण इथेच हार मानतात आणि 'हा संगणक पेनड्राइव्हवरून चालत नाही' असं ठरवून टाकतात. खरी गोष्ट अशी की जुने बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच समजतात. त्यामुळे त्याचं नाव मुख्य यादीत न येता 'हार्डडिस्क ड्राइव्हज' या आतल्या यादीत येतं, आणि तेही यंत्र सुरू करण्याआधी पेनड्राइव्ह लावलेला असेल तरच. काही बोर्डांवर यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एफडीडी अशी वेगवेगळी नावं दिसतात. तिथे आधी एचडीडी निवडून बघावं.

आमच्याकडे आतल्या यादीतही तो दिसेना, तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. पुढच्या बाजूची यूएसबी खाच गंजून सैल झाली होती, तिथून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला. आणि 64 जीबीचा नवा पेनड्राइव्ह बाजूला ठेवून ड्रॉवरमधला जुना 8 जीबीचा तयार केला. जुन्या बायोसना मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह कधीकधी उमगत नाहीत. पुन्हा चालू केल्यावर त्या आतल्या यादीत पेनड्राइव्हच्या कंपनीचं नाव दिसलं. अधिकच्या चिन्हाच्या बटणाने त्याला हार्डडिस्कच्या वर चढवलं, एफ 10 दाबून जतन केलं.

काळा पडदा, मग मिंटचं हिरवं चिन्ह. यूएसबी 2 च्या वेगाने ते सावकाश चढत होतं. आप्पा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले होते, काही बोलत नव्हते. बाहेर सुरूच्या झाडांतून वारा आणि पलीकडे भरतीचा आवाज. काही मिनिटांनी डेस्कटॉप उघडला. हार्डडिस्कच्या चिन्हावर क्लिक केलं. विंडोज नीट बंद न झाल्यामुळे लिनक्सने ती फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. यूझर्स, त्यात आप्पांचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप. 'लग्नगीते', 'वाडीतले शब्द', 'म्हणी' ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. आप्पांनी बोटाने पडद्यावर दाखवलं, "हेच."

फाइल उघडली तर आत रोमन अक्षरांचा नुसता चिवडा! आप्पांचा चेहरा उतरला. पण हा बिघाड नव्हता. युनिकोड घरोघर पोहोचण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत मराठी टाइप होत असे. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फाँट. फाँट नसेल तर मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. म्हणून त्या हार्डडिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधलं फाँट्सचं फोल्डरही उचललं. त्यातला आप्पांचा फाँट होम फोल्डरमधल्या ठरलेल्या जागी ठेवला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. पडद्यावर देवनागरी उमटली. आप्पांनी पहिल्या गाण्याच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि स्वयंपाकघरातून काकूंनी तिसरी म्हटली.

मिंटमधल्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने हार्डडिस्कवर खराब सेक्टर दाखवले. विंडोज उडण्याचं कारण बहुधा तेच. अशा डिस्कवर आधी दुसरं काहीही करू नये, फाइली बाहेर काढाव्यात. 64 जीबीचा जो पेनड्राइव्ह बूटला चालला नव्हता तो इथे कामी आला. बायोसला न दिसलेला पेनड्राइव्ह लिनक्सला व्यवस्थित दिसतो. फाइली, फोटो आणि फाँट त्यावर उतरवले, तोवर उजाडायला आलं होतं.

नंतर त्या सीपीयूत जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम 4 जीबी केली आणि मिंट कायमचं टाकलं. आप्पा त्यावर आता युनिकोडमध्ये लिहितात. यूट्यूबवर मोठे व्हिडिओ अडखळतात, लिहिणं-वाचणं मात्र सुरळीत चालतं. जुन्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या. त्यात रफार आणि पहिली वेलांटी जागोजाग घसरते. आप्पा रोज थोडं थोडं वाचून दुरुस्त करतात. हे काम त्यांच्याशिवाय कुणी करू शकणार नाही, कारण वाडवळीतला कुठला उच्चार खरा आणि कुठली कन्व्हर्टरची चूक, हे ओळखायला कान लागतो.

विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या यंत्रांत नसते. म्हणजे पालघर, बोईसर, सफाळ्यातल्या शाळांतून, पतसंस्थांतून, घरांतून चालू अवस्थेतली कितीतरी यंत्रं आता भंगारात निघतील. यातल्या बहुतेकांना पेनड्राइव्हवरून लिनक्स चालतं. सुरुवातीच्या पेंटियम 4 सारखं फक्त 32 बिटचं यंत्र असेल तर 64 बिटची आवृत्ती सुरूच होत नाही, तिथे अँटिएक्स या लिनक्सची 32 बिट आवृत्ती घ्यावी. बायोसला पेनड्राइव्हवरून बूट करणं येतच नसेल, पण सीडी ड्राइव्ह चालू असेल, तर प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर सीडीवर टाकून त्याच्यामार्फत पेनड्राइव्ह सुरू करता येतो.

दुकानदाराने फॉरमॅट मारायला सांगितलं तर एक दिवस थांबा. ज्याला हे जमतं असा गावातला एखादा मुलगा-मुलगी शोधा, पेनड्राइव्हवरून यंत्र उघडून फाइली काढून घ्या, फाँटांसकट. तेवढंही जमलं नाही आणि सीपीयू भंगारवाल्याला द्यायचाच असेल, तर चार स्क्रू सोडवून हार्डडिस्क तेवढी काढून कपाटात ठेवा. ती नंतरही वाचता येते.