आढ्याला टांगलेली कॉइल

मामाचं गाव म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना आंबे आणि विहिरीवरचं पोहणं आठवतं. मला आठवतं ते कनेरगाव नाक्याचं रेल्वे क्वार्टर आणि त्याच्या आढ्याला सुतळीनं टांगलेली काळ्या केबलची कॉइल. अकोला-पूर्णा मीटरगेज लाईनवरचं लहानसं स्टेशन. इकडे मराठवाडा, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. दिवाळीच्या सुट्टीत गाडीतून उतरलो की शिवारात कापसाची वेचणी चाललेली असायची.

मामा रेल्वेत होते. तारयंत्रावर हात बसलेला, त्यामुळे हौशी रेडिओच्या परीक्षेतलं मोर्स त्यांना अवघड गेलंच नाही. परवाना आला तसा क्वार्टरच्या मागच्या खोलीत 807 व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर उभा राहिला. कडुनिंबाच्या फांदीपासून वेळूपर्यंत तांब्याची तार गेली. दहा-दहा मीटरचे दोन हात, मध्ये केबल. 7 मेगाहर्ट्झसाठी एवढी लांबी लागते. पहाटे त्या तारेवरून मामा हैदराबाद, पुणे, नागपूरकडच्या मंडळींशी बोलायचे. मी शेजारी स्टुलावर, अंगावर गोधडी.

कोजागरी झाली की गावातल्या देवळात काकडा सुरू व्हायचा, लाउडस्पीकर लावून. एका पहाटे अभंगाच्या मधेच त्या कर्ण्यातून मामांचा आवाज घुमला, "सीक्यू, सीक्यू," म्हणजे ऐकतंय का कोणी, अशी रेडिओवरची हाक. भजनी मंडळी टाळ धरून थांबली. त्या काळी मामा साध्या एएमवर बोलत, म्हणून शब्द न् शब्द स्पष्ट. त्याच दिवशी मामा देवळात गेले, मंडळींना नमस्कार केला आणि म्हणाले, "चार दिवस द्या, बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणजे चोक. केबलच्या आतल्या तारेवरून आणि तिच्याभोवतीच्या जाळीच्या आतल्या अंगानं ताकद अँटेनाकडे जाते, ते ठीक. पण अँटेनापाशी पोचल्यावर थोडा करंट जाळीच्या बाहेरच्या अंगानं मागे फिरतो. मामा म्हणायचे, "पाटाचं पाणी पाटातच राहायला पाहिजे. बांधावरून झिरपायला लागलं की शेजाऱ्याच्या वावरात जातं." त्या झिरपणाऱ्या करंटमुळे सगळी केबलच अँटेना बनते. मग मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसतो आणि देवळातला अॅम्प्लिफायर नको ते ऐकू लागतो. हीच केबल अँटेनाच्या तोंडाशी गुंडाळून कॉइल केली की बाहेरच्या करंटला अडथळा होतो, आतल्याला कळतही नाही. तोच चोक.

पण किती वेढे? इथं मामांचा खरा जीव गुंतायचा. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर बारीक केबलचे 10 वेढे शेजारी शेजारी बसवले तर साधारण 12 मायक्रोहेन्री भरतात, म्हणजे 7 मेगाहर्ट्झला साडेपाचशे ओहमच्या आसपास अडथळा. मामांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. दोन वेढ्यांमध्ये थोडी थोडी कपॅसिटी असतेच. ती आणि कॉइलचं इंडक्टन्स ज्या फ्रिक्वेन्सीला बरोबरीला येतात, तिथं अडथळा कळसाला पोचतो. हा कॉइलचा स्वतःचा रेझोनन्स. त्याच्या वर गेलं की करंट वेढ्यांतून फिरण्याऐवजी कपॅसिटीतून सरळ पलीकडे निसटतो आणि चोक नावापुरता उरतो. कॉइल गुंडाळली म्हणून काम संपत नाही, ती कुठं रेझोनेट होते ते मोजायला हवं.

मोजायचं यंत्र घरचंच, डिप मीटर. बीएफडब्ल्यू 10 हा फेट, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीवर गुंडाळलेली कॉइल आणि टेपरेकॉर्डरमधून काढलेला चिमुकला मीटर. मोजायची कॉइल आढ्याला टांगलेली, पत्र्यापासून आणि खिडकीच्या गजांपासून लांब, कारण धातू जवळ असला की आकडा सरकतो. आतली तार आणि जाळी दोन्ही टोकांना एकत्र जोडलेली, टोकं मोकळी. मीटरची डबी कॉइलच्या तोंडाशी धरायची आणि गँग सावकाश फिरवायचा. ते काम माझं. "आरं हळू फिरव, सुई पळून जाईल," मामा म्हणायचे. सुई एका जागी नजरेत भरेल अशी खाली झुकायची, पुन्हा उठायची. मग डबी हळूहळू मागे न्यायची, झुकणं जेमतेम दिसेल इथपर्यंत. फार जवळ धरलं तर दोन कॉइली एकमेकींना ओढतात आणि आकडा खोटा येतो. मीटरच्या तबकडीवर मामांचा विश्वास नव्हता. ते शेजारच्या रिसीव्हरवर त्याची शीळ शोधायचे आणि तिथला आकडा वहीत लिहायचे.

पाइपवर ओळीनं बसवलेली कॉइल आणि तेवढ्याच केबलचं सुतळीनं बांधलेलं भेंडोळं, दोन्ही त्यांनी मला मोजायला लावली. भेंडोळ्याचा रेझोनन्स बराच खाली यायचा आणि बांधणी जरा हलली की बदलायचा. भेंडोळ्यात पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला जाऊन भिडतो, दोन टोकांमधली कपॅसिटी वाढते. पाइपवरच्या कॉइलमध्ये ती टोकं दूर राहतात, म्हणून आकडा वर आणि भरवशाचा. 10 वेढ्यांना सुई 7 च्या बरीच वर झुकायची, म्हणून मामा वेढे वाढवत गेले. चोक चढवल्यावर काकडा बिनघोर झाला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनी तिथून निरोप पोचवले. किल्लारी कनेरगावापासून साधारण 200 किलोमीटर, 7 मेगाहर्ट्झच्या दिवसाच्या पल्ल्यात नेमकं बसणारं अंतर. अशा वेळी आपल्याच ताकदीनं मायक्रोफोन चटके देत असेल तर माणूस निरोप काय घेणार? मामांचा काटेकोरपणा मला तेव्हा पुरता पटला.

पुढे हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बांधायचा रेडिओ आला, नळाच्या वायसरवर कॉइल गुंडाळायला लावणारा. तो पाहून मामांना आपलाच गोतावळा भेटल्यासारखं वाटलं. 2008 मध्ये कनेरगावची ती मीटरगेज लाईन ब्रॉडगेज झाली. आता माझ्याकडे डिप मीटरच्या जागी तळहातावर मावणारा नॅनोव्हीएनए आहे. चोकची दोन टोकं दोन पोर्टांमध्ये लावली की पडद्यावर रेघ खाली जाते, सगळ्यात खोल जागा तोच रेझोनन्स. पावसाळ्यात भिजलेल्या कॉइलचा आकडा किंचित खाली सरकतो, तेही त्यावर ताबडतोब दिसतं. माझ्या गच्चीवरचा चोक आजही 110 च्या पाइपवर, वेढे ओळीनं, टोकं लांब. केबल गुंडाळायला पाइपऐवजी फेराइटची कडी मिळाली तर घ्याच, तिचा पट्टा रुंद असतो. नाही मिळाली तर पाइप आणि केबल पुरे, फक्त मोजल्याशिवाय वर चढवू नका. आणि परवाना हातात आला की पहाटे 7 मेगाहर्ट्झवर हाक द्या, मी ऐकत असतो.