खेळण्याचे अंतरंग

मोडके खेळणे भंगारात टाकण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे, असे आमचे पूर्वीपासूनचे मत आहे. मोठ्यांच्या लेखी ते चार पैशांचे प्लॅस्टिक असते. मुलाच्या लेखी त्यात कोणाची तरी आठवण असते.

गेल्या पावसाळ्यात देवपुरातील आठ वर्षांचा एक मुलगा बॅटरीवर चालणारी पोलिसांची गाडी घेऊन आमच्याकडे आला. वडील सुरतेस कामाला. सणावारीच घरी येणारे. गाडी त्यांनीच आणलेली. ती बंद पडल्याचे त्याने घरी सांगितलेच नव्हते; पंधरा दिवस दप्तरात लपवून ठेवली होती. आग्रा रोडवरील दुकानदाराने नवी घेण्याचा सल्ला दिला होता. "फादर, पप्पा नाताळला येतील. त्याआधी व्हायला पाहिजे," एवढेच तो बोलला.

सेमिनरीत असताना एका वृद्ध ब्रदरांनी आम्हांला रेडिओला डाग द्यावयास शिकविले होते. त्या भांडवलावर आम्ही पेचकस हाती घेतला. काढलेला प्रत्येक स्क्रू ताटलीत क्रमाने ठेवण्याचे काम मुलाकडे दिले.

पहिला दोष लगेच सापडला. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरे-हिरवे किटण चढले होते. अल्कलाइन सेलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेला भाजते. म्हणून हातमोजे घालून, व्हिनेगरच्या बोळ्याने ते पुसले आणि काचकागदाने धातू उजळविला. तरी गाडी हलेना. मग दोन चांगल्या सेलांच्या तारा थेट मोटारीला लावल्या. ती गरगर फिरू लागली. म्हणजे मोटार शाबूत होती, विजेची वाट तुटली होती. किटणाने खाल्लेली तांबडी तार स्प्रिंगपासून सुटली होती. कथील आणि शिसे यांचा साधा मिश्रधातू सुमारे 190 अंश सेल्सिअसला वितळतो. एक डाग पुरला. चाके फिरली, दिवे लागले.

भोंगा मात्र मुकाच राहिला. स्पीकर तपासला, तो ठीक होता. आवाजाची चिप लहान पट्टीवरील एका काळ्या कठीण थेंबाखाली गाडलेली असते. ती उघडून दुरुस्त करता येत नाही. आम्ही मुलाला तसे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पांना सांगीन, आवाज गेला, पण तार मी धरली होती." त्या संध्याकाळी त्याने आईलाही सारे सांगितले, असे त्या माउलीकडूनच कळले.

आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील विज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून असंख्य मुलांना विज्ञान शिकविले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हातांनी समजलेले सहसा विसरत नाही, हेच त्यांच्या कार्यातून दिसते. जे खरोखरच दुरुस्त होत नाही, त्यासाठीही आता नियम आहेत: 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेवरील खेळण्यांचाही समावेश आहे. ती घरच्या कचऱ्यात टाकू नयेत.

पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. बटणासारखे चपटे सेल मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच गंभीर जखम करू शकतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि डाग देण्याचे काम मोठ्यांनीच करावे, नंतर हात साबणाने धुवावेत.

दुरुस्ती नेहमी पूर्ण होतेच असे नाही. परंतु काय वाचले आणि काय गेले, हे मूल त्यातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. ज्या घरात 'मोडले' हा शब्द निर्भयपणे उच्चारता येतो, त्या घरात पुढे त्याहून जड गोष्टीही दप्तरात लपवून ठेवाव्या लागत नाहीत.