काचेतली काळी आई

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी वर बघतं. एलईडी किती वॅटची, मोबाइलवरून रंग बदलतो का? टाकीच्या तळाशी काय घालायचं ते बिल करताना आठवतं, आणि रंगीत खड्यांच्या एका पिशवीवर भागतं. मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातला. बाग लावण्याआधी खड्डा घेऊन माती बघायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे पाणवनस्पतींची टाकी लावताना माझं सगळं खालून सुरू होतं.

तरी पहिली टाकी मी नासवलीच. शेतातली काळीभोर माती चांगली तीन इंच भरली, वर बोटभर वाळू, आणि दिवा बारा तास. खरड छाटणीनंतर आभाळ आलं की पुढचे घड कमी धरतात, या धास्तीत वाढलेल्या पोराला उजेड कधी जास्त होतो हे ठाऊकच नव्हतं. एखादं रोप उपटून हलवलं की टाकीचा चहा व्हायचा. फुगलेल्या मातीत हवा पोचेना. तळातून बुडबुडे यायचे ते सडक्या अंड्याच्या वासाचे. वर पाणी हिरवंगार. आबा एकदा वाकून बघत राहिले. नव्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. म्हणाले, "खाली चुनखड आहे का रे?" होती. चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह मिळत नाही, तेच इथं झालं होतं.

आता माती इंचभरच. चाळून, काडीकचरा काढून, दोन-तीनदा भिजवून वाळवलेली. वर दीड-दोन इंच जाड वाळू. काळ्या मातीचे बारीक कण अन्नद्रव्यं धरून ठेवतात आणि मुळांना हळूहळू देतात, हा गुण कशाला सोडायचा? अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी साध्या मातीच्या टाकीवर १९९९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. जपानच्या ताकाशी अमानोंच्या वळणाच्या टाक्यांत मातीचे तयार दाणे असतात. काम देखणं, खर्चही तसाच. अनुबियास किंवा जावा फर्न लावणार असाल तर मातीची गरजच नाही, दगडाला दोऱ्यानं बांधा.

खडीचं मात्र बघून घ्या. आपला काळा दगड निरुपद्रवी. पण पांडवलेण्यांजवळच्या खाणींतले झिओलाइट ज्या पोकळ्यांत सापडतात, तिथं कॅल्साइटही असतं आणि ते पाणी जड करतं. हातमोजे घालून खडीवर फरशीच्या ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर परत. लिंबावर मी विसंबत नाही.

दिव्याच्या खोक्यावरचे ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाचे. पानं ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा खातात. साधा ६५०० केल्विनचा पांढरा दिवा बहुतेकांना पुरतो. उजेड वाढवला की झाडाची भूक वाढते. त्या मानानं अन्न आणि कार्बन डायऑक्साइड नसेल, तर झाड थांबतं आणि शेवाळ पंगतीला बसतं. म्हणून पहिला महिना सहा तास, पुढे फार तर आठ. पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी नकोच.

पाण्याच्या खोलीचंही भान हवं. गोदावरी-कादवा संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा गाळानं उथळ झाला. पाणीसाठा घटला, पण गाळापर्यंत उजेड पोचला, पाणवनस्पती रुजल्या, पक्षी आले. २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. (तिथून रोपं उपटून आणू नका, अभयारण्य आहे.) घरात दोन फूट खोल टाकी मागणाऱ्याला मी सव्वा फुटावर आणतो, तेवढ्यात साधा दिवाही तळाशी पोचतो.

राहिला दिवाळीचा प्रश्न. पाहुणे रात्री येणार, टाकी तेव्हा उजळलेली हवी. तर टायमर दुपारी चारला लावा आणि दहाला बंद. सकाळी अभ्यंगस्नानाच्या वेळी ती अंधारात राहिली तरी चालेल, माशांना उटणं लावायचं नसतं.