'हो' म्हणणारा मुलगा

घरातला सर्वांत स्वस्त शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी बेधडक सांगेन, 'हो'! दिवाळी जवळ आली की त्याचा भाव आणखी उतरतो. "येताना आकाशकंदिलाचा कागद आणाल ना?" "हो." "माळ्यावरचे डबे काढून द्याल ना?" "हो." आम्ही ख्रिस्ती. पण नगरच्या ज्या वाड्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या, तिथे दिवाळी सगळ्यांची आणि नाताळही सगळ्यांचा. शेजारच्या वहिनींच्या चकल्या आमच्याकडे येतात, आमच्या करंज्या डिसेंबरात त्यांच्याकडे जातात. त्यामुळे 'हो'ची ही उधळपट्टी मी वर्षातून दोनदा करतो.

पेशाने मी शिक्षक. चाळीस गळ्यांतून एकदम उठणाऱ्या "हो सर" या आरोळीचा अर्थ 'आम्ही काहीही ऐकलेले नाही' असा असतो, हे अनुभवाने मला कळले आहे. आणि व्यसनाने मी कादंबरीकार. माझे नायक शब्द देतात तो नदीकाठी, चांदण्यात, आणि प्राण गेला तरी मोडत नाहीत. कागदावर शब्द पाळायला खर्च काय येतो?

माझा स्वतःचा सर्वांत मोठा 'हो' मी सोळाव्या वर्षी उच्चारला. आमच्यात दृढीकरण नावाचा विधी असतो. तान्हेपणी आईबापांनी मुलाच्या वतीने देवाला दिलेला शब्द मुलाने जाणतेपणी आपल्या अंगावर घ्यायचा, असा त्याचा अर्थ. नवा सदरा खांद्यात आवळत होता, आई पदराने डोळे टिपत होती. पाळकांनी विचारलेल्या प्रश्नांना मी खणखणीत आवाजात होकार दिला. पाच मिनिटेही लागली नसतील. नंतर घरी कोंबडी केली होती, तेवढे मात्र मला अजून नीट आठवते.

यंदा गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. रविवारी चर्चमधल्या मुलांची शब्बाथशाळा मी घेतो. त्या दिवशी प्रभू येशूने सांगितलेली दोन मुलग्यांची गोष्ट होती. बाप पहिल्याला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. तो 'नाही' म्हणतो, पण मागून त्याला पस्तावा होतो आणि तो जातो. दुसरा 'हो' म्हणतो आणि जात नाही. बापाच्या मनासारखे कोणी केले? सगळी मुले ओरडली, "पहिल्याने!" मी समाधानाने पुस्तक मिटणार, इतक्यात एक लहानगी उठून म्हणाली,

"सर, 'हो' म्हणून जाणारा तिसरा मुलगा नव्हता का त्यांच्या घरात?"

मुले हसली, मीही हसलो. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. म्हणजे आणखी एक 'हो'!

पायऱ्या उतरताना एक म्हातारी भेटली. तिचा नातू माझ्याच शाळेत सातवीत आहे. जूनमध्ये मी त्याला म्हटले होते, दर शनिवारी दुपारी चर्चच्या व्हरांड्यात ये, तुझे अपूर्णांक पक्के करून देतो. चार शनिवार मी गेलो. मग कादंबरीचे एक प्रकरण अडले. पुढच्या शनिवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच नव्हते, तरी गेलो नाही. एक चुकलेला शनिवार दुसऱ्याला चुकायला शिकवतो. शाळेत तो मुलगा समोरून मान खाली घालून जाई. मला वाटले, मी सुटलो तसा तोही सुटला.

"सर, पोराचं गणित कसं चाललंय?" म्हातारीने विचारले. "शनिवारी जेवला की वही घेऊन निघतोय. मी म्हणलं, पाऊस हाय, राहू दे आज. तर म्हणतो, सरांनी यायचं म्हणलंय."

सात शनिवार! मी टाकून दिलेला माझा 'हो' त्या पोराने उचलून जपून ठेवला होता. गोष्टीतला दुसरा मुलगा कसा दिसत असेल, हे मला आता कोणाला विचारावे लागणार नव्हते.

त्या रात्री झोप येईना. का कोण जाणे, पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. रमाबाईंचे नाव निघाले की आम्ही ख्रिस्ती माणसे १८८३ साली इंग्लंडात झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याविषयी बोलतो, आणि त्यांचे टीकाकारही बोलत आले ते त्याच दिवसाविषयी. पण तो तर नुसता 'हो' म्हणायचा दिवस! मळ्यातले काम पुढेच होते. ज्यांच्यामुळे त्या या धर्मात आल्या, त्यांच्याशीही त्या मतांसाठी भांडल्या. पण दिलेला शब्द सोडला नाही. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली त्यांनी गोळा करून आणल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांना घर दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवे, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून त्या वर्षानुवर्षे एकेक ओळ उतरवत बसल्या. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते.

केवढे हे काम, आणि मला सात शनिवार जड झाले! पण मग वाटले, त्यांनाही ते एकदम थोडेच करायचे होते? एका दिवसाला काही ओळी, एका दुपारी एका पोरीचे औषधपाणी. मोठा 'हो' एकदाच म्हणायचा असतो. फेडायचा मात्र सुट्या पैशांनी, रोजच्या रोज.

पुढच्या शनिवारी गेलो. मुलगा पायरीवर होता. माफी मागायची म्हणून मी वाक्ये जुळवून नेली होती. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "सर, एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज राहिली होती."

माझी वाक्ये खिशातच राहिली. आम्ही बेरीज केली.

रविवारी मी त्या लहानगीला सांगितले, "आहे बरं का तिसरा मुलगा. गोष्टीत नाही, पण आपल्या गावात आहे." नाव विचारले, ते काही मी सांगितले नाही.

या अंकाच्या संपादकांनी दीर्घ कथा मागितली, तेव्हा मी चक्क 'नाही' म्हणून कळवले. मागून पस्तावा झाला आणि हे चार शब्द लिहायला बसलो. तिसऱ्या मुलाची योग्यता माझ्यात नाही; पण पहिल्याच्या वाटेने दोन पावले तरी जाता आले, यातच मला आनंद आहे.

लिहिता लिहिता दोन वाजत आले. आता उठायला हवे. आज शनिवार.