कंसातला ह्यूम

पक्ष्यांच्या पुस्तकात मी आधी चित्राखालची तिरपी अक्षरं वाचते. शास्त्रीय नाव, त्यापुढे ते देणाऱ्याचं आडनाव आणि साल. कधी ही जोडी मोकळी असते, कधी कंसात. पुढे कुणी त्या प्राण्याला दुसऱ्या वंशात नेलं, तर नाव देणारा कंसात जातो, असा नियम आहे. एवढ्याशा कंसात केवढा वाद मिटवलेला असतो!

रानपिंगळ्याच्या पानावर मी रेंगाळतेच. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात हे घुबड मिळालं. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम, त्याला वेगळा वंश देऊन नाव ठेवलं: हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. नंतरच्यांनी ते अथीनी वंशात घातलं, ह्यूम कंसात गेले. काही याद्यांनी त्यांना पुन्हा मोकळं केलं. ब्लेविटी मात्र कुणी हलवलं नाही.

पण नावाला आधार लागतो तो एका देहाचा. संग्रहालयाच्या खणात भरून ठेवलेलं कातडं आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी: ठिकाण, तारीख, कुणी मिळवलं. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद नव्हती. जगभरात उरली होती सात कातडी. त्यातल्या एकावर पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठी होती, १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं. ते जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकातच खानदेशात मिळवलेलं निघालं; चोरून, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी बांधलेलं. माइनर्ट्‌झहागेनचा मला आजही संताप येतो. आधीच हरवलेल्या पाखराचा पत्ताही त्यानं खोटा लिहून ठेवला.

ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, मुंबईजवळच्या तानसातही.

तुम्ही कधी पाहिलेल्या पक्ष्याची नोंद कराल, तेव्हा ठिकाण आणि तारीख खरी लिहा. आठवत नसेल, तर ती जागा कोरी सोडा.