पाटीवरचे वऱ्हाड : जुन्या गाडीचा क्रमांक काय सांगतो?

१/ मंगरूळपीर हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही; तरी त्याचा जिल्हा बदलला आणि राज्यही बदलले. या स्थित्यंतरांची एक दुर्लक्षित नोंद जुन्या गाड्यांच्या क्रमांकपाटीवर सापडते.

२/ १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक प्रांताला आद्याक्षरे नेमून दिली. मुंबई प्रांताकडे ‘बीएम’ आले, तर मध्यप्रांत-वऱ्हाडाकडे ‘सीपी’. त्या काळी वऱ्हाडात नोंदलेली मोटार मुंबईची नव्हे, नागपूर राजधानी असलेल्या प्रांताची ओळख मिरवत असे.

३/ पुढे १९५० मध्ये या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अवघ्या दहा वर्षांत गावाने तीन राज्यांची नावे पाहिली.

४/ १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि ‘एमएच’ ही अक्षरे रूढ झाली. मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. अकोल्याचा संकेतांक ३०. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि त्याला ३७ हा संकेतांक मिळाला. गंमत अशी की हा जिल्हा नवा नव्हताच : इंग्रजी अमदानीतील ‘बासीम’ जिल्हा १९०५ मध्ये मोडला होता आणि मंगरूळ तालुका त्याचाच भाग होता.

५/ आता वर्तमान. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातील आणि बिगर-व्यावसायिक हवे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. दैनंदिन वापरास मनाई.

६/ इतिहासाच्या दृष्टीने कळीची तरतूद पुढेच आहे. आधी नोंदलेल्या वाहनाला मूळ क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणाऱ्याला मात्र राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ असलेला क्रमांक मिळतो. ‘व्हीए’ गाडी जुनी असल्याचे सांगते; ती कोणत्या राज्यात, कोणत्या काळी रस्त्यावर आली, हे सांगत नाही.

७/ समजा, मंगरूळपीरच्या एखाद्या वाड्यात महायुद्धानंतर घेतलेली जीप उभी आहे. नातवाने इंजिन दुरुस्त केले, रंग दिला, पाटीही हुबेहूब रंगवून घेतली. पण मूळ क्रमांकाचा आधार रंगात नसतो. तो जुन्या नोंदणीपुस्तकात असतो. ते पुस्तक रद्दीत गेले असेल, तर ‘सीपी’ ही अक्षरे केवळ शोभेची उरतात.

८/ सुटे भाग आजही घडवून घेता येतात, नोंदणीपुस्तक घडवता येत नाही. घडवले तर ते बनावटच. म्हणून जुन्या गाडीचे जतन गॅरेजमध्ये नव्हे, आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांपासून सुरू व्हावे. एका गावाने किती राज्ये पाहिली, याचा लेखी पुरावा कदाचित तिथेच घडी घालून ठेवलेला असेल.